रिकाम्या डब्यावर थांबलेला दांडा

१

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एका पोराला बाराखडी शिकवली नव्हती. ते फ्रीज दुरुस्त करायचे. पण गिऱ्हाइकाला यंत्र समजावून सांगायची त्यांची हौस अशी दांडगी, की लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं. "काम अर्ध्या तासाचं आणि व्याख्यान दीड तासाचं," असं त्यांची बायको म्हणायची, आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती.

सगळ्या यंत्रांत त्यांचा जीव होता तो फ्रीझरमधल्या आपोआप बर्फ करणाऱ्या यंत्रावर. बुटाच्या खोक्याएवढं धूड, पण त्याची गोष्ट सांगताना मास्तरांचा चेहरा उजळायचा. "आधी झडप उघडते," ते सांगायचे. "मोजून सात सेकंद. तेवढ्यात साचा भरतो, आठ घरांचा. मग हा शहाणा गप्प बसतो. साच्याच्या पोटात एक चकती असते. तिला डोळे नाहीत, पण गारवा किती ते तिला कळतं. शून्याखाली नऊ अंश झाले की तिची खात्री पटते. आणि मग काय करतो सांगा? तापवतो! बर्फाच्या यंत्रात शेगडी, आहे की नाही गंमत? साच्याखालची तार जराशी तापते, चिकटलेला बर्फ सुटण्यापुरती. मग फणी फिरते आणि आठ तुकडे धडाधड खालच्या डब्यात."

इथे ते मुद्दाम थांबायचे, कारण खरं कौतुक पुढे होतं. यंत्राच्या कडेला तारेचा एक वाकडा दांडा असतो. तुकडे पडताना तो वर उचलला जातो आणि मग हळूच खाली उतरून डबा चाचपतो. थेट खालपर्यंत पोचला तर डब्यात जागा आहे, मग झडप पुन्हा उघडते. मध्येच कशाला टेकला तर डबा भरलाय, यंत्र बंद. "एवढंच त्याचं ज्ञान," मास्तर म्हणायचे. "काहीतरी आहे की काही नाही. पण त्यात तो कधी चुकायचा नाही. माणसाला एवढं कळलं तरी पुष्कळ."

म्हणून नवीन यंत्र बसवलं की ते एक परीक्षा घ्यायचे. ही त्यांची स्वतःची रीत, कुठल्या पुस्तकात नव्हती. रिकाम्या डब्यात उजवा तळहात उताणा धरायचा आणि फेरा सुरू करायचा. दांडा खाली यायचा, तळहातावर अलगद टेकायचा आणि थांबायचा. त्या हाताचं अनामिकेचं शेवटचं पेर तरुणपणी एका पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं. यंत्राला त्याचं सोयरसुतक नसायचं. ते त्या अर्ध्या बोटाच्या हातालाही बर्फच समजायचं. मास्तर हसून हात काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "पास!"

दोन महिन्यांपूर्वी वेधशाळेच्या बाईंकडे त्यांनी असंच एक यंत्र बसवलं, असाच हात धरला आणि पास म्हणून घरी आले. त्याच संध्याकाळी जेवताना त्यांच्या लक्षात आलं की उजव्या तळहाताला काही कळत नाहीये. गरम नाही, गार नाही, खरखरीत नाही, मऊ नाही. बोटं हलत होती, पकड होती, पण स्पर्श नव्हता. डॉक्टरांनी सुया टोचल्या, वीज लावून पाहिली. "तुमच्या नसा ठणठणीत आहेत," ते म्हणाले. मास्तरांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने हात गेलाय हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

बाईंचा फोन आला तो सोमवारी सकाळी. "मास्तर, यंत्र बंद आहे. तुम्ही बसवून गेलात त्या दिवसापासून बर्फाचा एक तुकडा पडलेला नाही."

"अहो, मग दोन महिने थांबलात कशाला?"

"निरीक्षण करत होते," बाई म्हणाल्या.

२

बाईंनी चौतीस वर्षं वेधशाळेत तापमानाच्या नोंदी केल्या होत्या. निवृत्तीला सहा वर्षं झाली होती, पण सवय काही निवृत्त झाली नव्हती. घरात बाई एकट्या. स्वयंपाकघर इतकं लख्ख की पाऊल टाकायचं जिवावर यावं. निरोप समारंभात ऑफिसने त्यांना एक जुनं उपकरण दिलं होतं. सावकाश फिरणारं एक नळकांडं, त्यावर गुंडाळलेला कागद आणि त्या कागदावर दिवसरात्र तापमानाची रेघ ओढणारी लेखणी. शाई न गोठणारी. बाईंनी ते फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात ठेवलं होतं.

मास्तरांनी पिशवी उघडली. पाणी येत होतं. झडप ठीक. चकती ठीक, तार ठीक, मोटर तर नवीकोरी. मग त्यांनी दांडा पाहिला. तो वर होता. त्याच्याखालचा डबा स्वच्छ, कोरडा, रिकामा.

"अडकलाय," ते म्हणाले आणि डाव्या हाताने दांडा खाली दाबला. तो निमूट खाली गेला. सोडला, तर हळूच वर आला आणि पहिल्या जागी थांबला.

त्यांनी दांडा काढून दुसरा लावला. तोही तिथेच थांबला. आतली कळ बदलली. तरी तिथेच. त्यांनी डबाच बाहेर काढला, तेव्हा मात्र दांडा सरळ खालपर्यंत उतरला. डबा परत ठेवला आणि फेरा चालवला, की दांडा पुन्हा मध्येच थांबला.

"सव्वासात सेंटिमीटर," बाई मागून म्हणाल्या. "डब्याच्या तळापासून. रोज मोजते. फरक नाही."

मास्तरांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास विजेवर होता आणि तिने त्यांना कधी दगा दिला नव्हता. त्यामुळे ते चिडले. आपलंच काहीतरी नजरेतून सुटतंय. स्पर्श नसलेल्या हाताने काम केलं की असंच होणार. दांड्याच्या टोकाखाली त्यांनी डावी बोटं फिरवून पाहिली. तिथे हवा होती. थंड, कोरडी, फ्रीझरची हवा.

"आणि हे," बाईंनी वहीतून एक कागद काढला. रेघ सपाट होती. एकाच जागी ती सुळक्यासारखी वर चढून परत उतरली होती. "महिन्यापूर्वी, मंगळवारी, चार वाजून दहा मिनिटांनी. मी समोरच बसले होते. दार बंद होतं. वीजही गेली नव्हती. फ्रीझरमध्ये इतका उष्मा आला कुठून?"

"तुमची लेखणी अडखळली असेल."

"चौतीस वर्षांत अडखळली नाही." बाई काही रागाने बोलल्या नाहीत, माहिती दिल्यासारखं बोलल्या.

मास्तरांनी शेवटी एक साधा उपाय केला. दांडा खाली ओढून दोऱ्याने बांधून टाकला. आता यंत्राला डबा चाचपता येणार नव्हतं, ते आंधळेपणाने बर्फ टाकत राहणार होतं. "दोन दिवस असंच राहू द्या. बुधवारी येऊन बघतो." बाईंनी मान डोलावली आणि वेळ लिहून घेतली.

३

घरी लेक बाळंतपणाला आली होती. नात एका महिन्याची. सगळे तिला पिटुकली म्हणत, आणि होतीच ती तेवढी. मास्तर दारातून आले की आधी हात धुवायचे आणि थेट पाळण्याकडे जायचे.

पिटुकलीला एकच कला येत होती. तिच्या तळहातात काही ठेवा, मूठ मिटायची. बोट ठेवा, चमचा ठेवा, फडक्याचं टोक ठेवा. ती झोपलेली असली तरी मूठ मिटायचीच. "आमच्या दांड्यासारखीच आहे," मास्तर कौतुकाने म्हणायचे. "काहीतरी आहे की नाही, एवढंच कळतं तिला. पण चुकत नाही."

"नातीला यंत्र म्हणणारा आजोबा जगात एकच असेल," बायको म्हणायची.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिने मास्तरांचं उजवं बोट धरलं. सगळे बघत होते. लेकीचे डोळे भरून आले. "बाबा, किती घट्ट धरलंय ना?" मास्तर "हो गं" म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांना नुसतं दिसलं होतं. एवढीशी गुलाबी मूठ, तिच्यात आपलं बोट, आणि आपल्यापर्यंत काहीच पोचत नाही. त्या दिवशी ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. हे बोट तिच्या मुठीत असताना एकदा तरी कळावं, एवढीच त्यांची मागणी होती. मग हात उरला काय, गेला काय.

आता पाळण्याशी बसल्यावर त्यांना तो दिवस आठवला आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काही आठवलं. तो मंगळवार होता. लेक दवाखान्यातून येणार म्हणून बायको बाळाची दुपटी इस्त्री करत होती. दारात गाडीचा हॉर्न वाजला. मास्तर लगबगीने उठले आणि उठताना त्यांनी हात टेकला तो तापलेल्या इस्त्रीवर. त्यांना कळलंच नाही. करपल्याचा वास आल्यावर बायको किंचाळली. घाईत लक्ष गेलं नाही असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली होती.

"आपली गाडी त्या दिवशी किती वाजता आली होती गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"सव्वाचार वाजत होते. का हो?"

"काही नाही," मास्तर म्हणाले आणि तळहातावरचा तपकिरी डाग बघत बसले. योगायोग. जगात दर मिनिटाला कुणी ना कुणी भाजतच असतं. त्यांनी स्वतःला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांना बाईंची ती न अडखळणारी लेखणी दिसत होती.

४

बुधवारी दुपारी बाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. त्यांनी स्वयंपाकघरात खुर्ची मांडून ठेवली होती. मास्तरांना बसावं लागणार हे त्यांना आधीच कळलं होतं.

डबा काठोकाठ भरला होता. अर्धचंद्राकृती, दुधट, गुळगुळीत तुकडे, एकसारखे. क्षणभर मास्तर सगळं विसरले. किती सुरेख काम! दोन दिवस, कुणी बघत नसताना, कुणी सांगत नसताना, आठ आठ करत यंत्राने डबा भरला होता. मग त्यांचं लक्ष मधोमध गेलं.

मध्ये तुकडे नव्हते. तिथे एक खळगा होता. त्याच्या कडेचे तुकडे उभे राहिले होते, कशाला तरी टेकल्यासारखे, आणि ते ज्याला टेकले होते ते तिथे नव्हतं. खळग्यातून पाच वाटा निघाल्या होत्या. चार लांब, आणि करंगळीशेजारची आखूड.

"मी हात लावलेला नाही," बाई म्हणाल्या. "दार फक्त एकदा उघडलं, आज सकाळी सातला." त्यांनी खळग्याकडे पाहिलं, मग मास्तरांच्या हाताकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. माणसाने विचारायच्या आणि नोंदवायच्या गोष्टी वेगळ्या असतात हे त्या जाणून होत्या.

मास्तर खुर्चीवर बसले. यंत्र खोटं बोलत नाही, हे आपणच तीस वर्षं सांगत आलो. काहीतरी आहे की काही नाही. इथे काहीतरी होतं. दोन महिने तो दांडा बिचारा तेच सांगत होता आणि आपण त्याचे स्क्रू बदलत होतो. त्यांना भीती वाटली. आणि तिच्या जोडीला, लाज वाटावी असं, कौतुकही वाटलं.

ते उठले. बाही वर सारली. हातमोज्यात घालावा तसा उजवा हात त्यांनी त्या खळग्यात घातला. बोटं आपापल्या वाटांनी आत गेली. एक तुकडाही हलला नाही.

आधी काहीच नाही. मग टोकांना बारीक टोचलं. मग गार. गार! हाडापर्यंत चावणारं, झणझणीत, ओलसर गार. एकेका तुकड्याची कड, एकेकाचा गुळगुळीतपणा, भाजल्या जागेची महिनाभर साठलेली आग. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"लागतंय, बाई! गार लागतंय मला!"

"दोन वाजून बत्तीस," बाईंनी लिहिलं.

हात बाहेर काढला तेव्हाही तो जिवंत होता. मास्तरांनी ओट्याचा दगड चाचपला, दाराची मूठ चाचपली, स्वतःचा गाल चाचपला. मग डबा रिकामा केला, दोरा सोडला, फेरा चालवला. दांडा वर गेला, खाली आला आणि थेट तळाशी पोचला. झडप उघडली. मोजून सात सेकंद.

तळहाताची परीक्षा मात्र त्यांनी या वेळी घेतली नाही. यंत्रावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "सांभाळून ठेवलंस रे." बाईंनी ते ऐकलं, पण वहीत लिहिलं नाही.

५

ते घरी पोचले तेव्हा पाच वाजले होते. हातसुद्धा न धुता ते पाळण्याशी गेले, त्याबद्दल बायकोची बोलणी खाल्ली, हात धुऊन परत आले. पाण्याचा स्पर्शही काय सुंदर असतो! मग त्यांनी पिटुकलीच्या तळहातात उजवं बोट ठेवलं.

मूठ मिटली. ऊबदार, जराशी घामेजलेली, आणि एवढ्याशा जिवाच्या मानाने भलतीच जोरकस. नखं कागदासारखी पातळ. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. जगात आणखी काही मागायचं उरलं नव्हतं.

तिला गाढ झोप लागली तेव्हा त्यांनी बोट सोडवून घेतलं आणि तिची उजवी मूठ आपल्या तळहातावर अलगद ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं. आत लेक आणि बायको दुपट्यांवरून काहीतरी हसत होत्या.

तेवढ्यात तळहातावर काहीतरी पडलं. गार, लहानसं. मग दुसरं. मग तिसरं. मास्तरांनी पाहिलं, हातात पिटुकलीच्या मुठीशिवाय काही नव्हतं. आठ मोजले त्यांनी. नसा जाग्या होताना असं होत असेल, ते स्वतःला म्हणाले. डॉक्टर म्हणालेच होते, मुंग्या येतील, भास होतील.

मग वरून एक तार उतरली. दिसली नाही, पण ती कोणती ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. तीस वर्षं ती त्यांच्या हातावर टेकत आली होती. तोच वेग, तोच हळुवारपणा. ती खाली आली, पण या वेळी त्यांच्या तळहातापर्यंत पोचली नाही. पिटुकलीच्या मुठीवर टेकली आणि थांबली.

किती अलगद, मास्तरांच्या मनात आलं. बाळ जागंसुद्धा झालं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला बायकोने पिटुकलीला अंघोळ घातली. "आज गुणाची झाली हो," ती बाहेर येऊन म्हणाली. "एरवी मुठी धुवायच्या म्हणजे केवढी मारामारी. आज उजवी मूठ आपली उघडीच."

मास्तर चहा पीत होते. कपाचा गरमपणा बोटांना सुखावत होता. बायको काय म्हणाली ते त्यांच्या मनात उतरायला थोडा वेळ लागला, आणि ते उतरायच्या आत फोन वाजला.

"यंत्र पुन्हा थांबलंय," वेधशाळेच्या बाई म्हणाल्या. नेहमीसारखं माहिती दिल्यागत नव्हतं ते. "काल संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी. डब्यात आठच तुकडे होते. तेही काढून पाहिले. दांडा वरच आहे."

"सव्वासात सेंटिमीटर?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. या वेळी खूप खाली. जेमतेम तीन. मास्तर, हे फार लहान आहे काहीतरी." वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "आणि आज सव्वानऊला रेघ किंचित वर गेलीय. फार नाही. कोमट म्हणावं इतकीच."

मास्तरांनी फोन ठेवला. पाळण्यापाशी गेले. पिटुकली जागी होती, दिव्याकडे टकामका बघत होती. त्यांनी तिच्या डाव्या तळहातात बोट ठेवलं. मूठ चटकन मिटली. मग उजव्या तळहातात ठेवलं.

ते थांबले. बोट थोडं दाबलं, थोडं फिरवलं. चहातला चमचा आणून टेकवला. तळहात गुलाबी होता, मऊ होता. त्यांना त्याची ऊब लख्ख कळत होती. मूठ उघडीच राहिली.

त्यांना एकच इलाज माहीत होता. तो त्यांनी कालच करून पाहिला होता आणि तो लागू पडला होता. ते गार किती असतं तेही त्यांना माहीत होतं. हात त्यांचा राठ होता, साठ वर्षांचा. त्यांनी पिशवी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"बाळाला गरम कपडे घाल गं," ते लेकीला म्हणाले. "जरा एका ओळखीच्या बाईंकडे नेऊन आणतो."

"बाबा, बाहेर ऊन बघा किती आहे! गरम कपडे कशाला?"

"घाल तू. स्वेटर घाल, टोपी घाल, पायमोजे घाल," मास्तर म्हणाले. "उजव्या हाताला मोजा मात्र नको."